पट्टी कोणाकडून राहिली आणि का राहिली: विमान देखभालीतल्या चुकांची चौकशी

प्रश्न वेंगुर्ल्याकडच्या एका तरुण इंजिनिअरचा आहे. तो किनाऱ्यावरच्या एका छोट्या मेंटेनन्स तळावर काम करतो. जुलैमध्ये रात्रपाळीत तिथे दोन इंजिनांचं एक लहान विमान धुतलं गेलं आणि डाव्या स्टॅटिक पोर्टवर (बाहेरच्या हवेचा दाब उंची-वेगाच्या उपकरणांपर्यंत नेणाऱ्या बारीक भोकावर) लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली. सकाळी उड्डाणापूर्वीच्या फेरीत वैमानिकाला ती दिसली, म्हणून प्रकरण तिथेच थांबलं. टेक्निशियनला मेमो मिळाला, आठवडाभर कामापासून लांब ठेवलं गेलं आणि अहवालाच्या शेवटी आलं: "कारण: मानवी चूक. संबंधितास समज देण्यात आली. सर्वांनी अधिक दक्षता घ्यावी." यापुढे अशा चौकश्या या तरुणाकडे येणार आहेत. त्या करायच्या कशा, असं तो विचारतो.

आधी त्या अहवालाबद्दल बोलतो. त्यात कारण लिहिलेलंच नाही. पट्टी राहिली हे सगळ्यांना माहीत होतं, तेच "मानवी चूक" म्हणून पुन्हा लिहिलं आहे. "अधिक दक्षता घ्यावी" हे वाक्य तर मी इतक्या अहवालांत वाचलं आहे की ते दिसलं की मी पान उलटून बघतो, चौकशी खरंच झाली होती का. पुढच्या पावसाळ्यात त्याच हँगरमध्ये, त्याच उजेडात, त्याच रंगाची पट्टी दुसरा कोणी लावणार आहे. त्याच्यासाठी या अहवालाने काय बदललं?

पट्टी ही किरकोळ गोष्ट आहे असं तळावर कोणाला वाटत असेल तर त्यांना एअरोपेरूची फ्लाइट ६०३ सांगा. २ ऑक्टोबर १९९६, मध्यरात्रीनंतर लिमाहून सँटियागोला निघालेलं बोईंग ७५७. विमान साफ करताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली पट्टी तशीच राहिली होती. बाहेरच्या हवेचा दाब उपकरणांपर्यंत पोचेना, त्यामुळे उंची आणि वेग दोन्हींचे आकडे चुकू लागले. एकाच वेळी वेग जास्त झाल्याचा आणि वेग कमी पडल्याचा, असे दोन्ही इशारे वाजत होते. खाली अंधार आणि समुद्र. वैमानिकांनी कंट्रोलरला उंची विचारली, पण त्याच्या पडद्यावरचा आकडासुद्धा विमानाकडूनच येत होता, म्हणजे तोही तितकाच चुकीचा. आपण ९,७०० फुटांवर आहोत असं समजत असतानाच विमान पाण्याला लागलं. ७० जण होते, एकही वाचला नाही. पट्टीचा रंग चंदेरी, विमानाच्या पत्र्यात मिसळून जाणारा. ती लावणाऱ्या माणसाला दोष देऊन पट्टीचा रंग बदलत नाही, हे इथेच लक्षात घ्या.

आता तुमच्या कामाकडे येतो. त्या टेक्निशियन मुलाशी बोला, आणि लेखी जबाब घेण्याआधी बोला. मालवणीत विचार करणाऱ्या मुलाला इंग्रजी फॉर्म देऊन बसवलं की तो कोणाच्या तरी जुन्या जबाबातली ओळ उतरवून देतो: नजरचुकीने राहिलं, पुन्हा होणार नाही. त्या ओळीत तुमच्या उपयोगाचं काही नसतं. त्याला केबिनमध्ये टेबलापलीकडे बसवू नका. विमानाशेजारी उभे राहा आणि त्या रात्री काय काय केलं ते हाताने दाखवायला सांगा. मध्ये बोलू नका. "का नाही काढलीस?" असं तर विचारूच नका, कारण त्याला उत्तर नसतं, ज्याला आठवलं असतं त्याने काढलीच असती. "शिडी लावलीस, मग पुढे काय झालं?" एवढंच विचारा आणि गप्प राहा.

समजा तो म्हणाला, "पट्टी काढूक शिडी लावलंय, तेवढ्यात सर इली, तिकडचा काउलिंग झाकूक हाक मारल्यानी. परत इलंय तर शिडी खंय?" या एका बोलण्यात चौकशीचे चार धागे आहेत. पावसाची सर आली तेव्हा दुसऱ्या विमानाचं काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, काढलेलं होतं आणि इंजिन उघडं होतं, म्हणजे एकाच वेळी दोन कामं सुरू होती आणि हाताशी माणसं पुरेशी नव्हती. काम अर्धं सोडून जायची पाळी आली, पण काम कुठवर आलं याची खूण मागे ठेवायची काही सोय नव्हती. शिडी एकच होती. आणि परत आल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर असं काहीच नव्हतं, जे सांगेल की वर अजून काहीतरी आहे. यातला कुठलाच धागा "मानवी चूक" या शब्दांत मावत नाही. कोकणात ज्याचं कौलारू घर आहे त्याला माहीत असतं की पाणी जिथे टपकतं त्याच्या बरोबर वरचं कौल क्वचितच फुटलेलं असतं; पाणी वाशावरून वाहत येऊन भलतीकडेच गळतं. टपकणारी जागा पुसत बसू नका, वाशावरून मागे जा.

हे सगळं लवकर करावं लागतं. दोन दिवसांत आठवण बदलते, तीही खोटं बोलण्यामुळे नव्हे; चार लोकांनी चार वेळा विचारलं की माणूस मधल्या रिकाम्या जागा आपोआप भरतो. म्हणून पहिल्याच सकाळी पट्टीचा तो तुकडा पिशवीत घाला, ज्या रिळातून घेतली ते रीळ बाजूला ठेवा, टास्क कार्डाची, म्हणजे कामाचे टप्पे आणि सह्या असलेल्या कागदाची, प्रत काढा, त्या आठवड्याचं ड्युटीपत्रक घ्या, त्या रात्री कोणती विमानं उभी होती आणि सकाळी कोणतं किती वाजता हवं होतं ते टिपून ठेवा. टास्क कार्डावर "पोर्ट झाका" अशी ओळ आहे का? असेल तर "पट्टी काढा" अशी स्वतंत्र सहीची ओळ आहे का? मी पाहिलेल्या कितीतरी कार्डांवर लावण्याला एक ओळ आणि काढणं मात्र "काम पूर्ण" या शेवटच्या ओळीत गृहीत धरलेलं. ज्या कृतीला सही नाही, ती पहाटे तीनला आपोआप होईल असं धरणं धोक्याचं आहे.

मग त्याच वेळेला तिथे जा. दुपारी दोनला नव्हे, पहाटे तीनला. दोन ते पाच या वेळात शरीर झोपेच्या खोल पट्ट्यात असतं. माणूस जागा असला तरी लक्ष पातळ होतं, आणि अनुभवी माणसालाही यातून सूट नाही. शक्यतो पाऊस असलेल्या रात्री जा. शिडीवर चढा, दिवा कुठून येतो, पंखाची सावली कुठे पडते, पोर्ट नीट दिसतं का, ते स्वतः पाहा. बाजूला उभे राहून दुसऱ्या कोणाला तेच काम करू द्या आणि वहीत लिहिलेली पद्धत आणि हातांची पद्धत कुठे वेगळी होते ते बघा. हा फरक दिसला म्हणून लगेच कोणावर ओरडू नका. फरक बहुधा सगळ्यांचाच असतो आणि त्याला काहीतरी धड कारण असतं: लिहिलेलं साधन स्टोअरमध्ये नाही, लिहिलेल्या क्रमाने हात पोचत नाही, लिहिलेल्या वेळात काम बसत नाही.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न हा आहे: त्या रात्री त्याच्या जागी तितकाच तयार, तितकाच प्रामाणिक दुसरा माणूस असता तर हेच घडलं असतं का? त्याच्या बरोबरीच्या दोन-तीन जणांना एकेकटं गाठून विचारा. त्यांनी "माझ्याकडूनही राहिलं असतं" किंवा "मागच्या वर्षी माझीही राहणारच होती" असं म्हटलं, तर दोष त्या मुलापाशी शोधणं थांबवा. कामाच्या मांडणीत शोधा.

या प्रश्नाचं मोल कळायला १० जून १९९० चा प्रसंग बारकाईने वाचावा. ब्रिटिश एअरवेजची फ्लाइट ५३९०, बीएसी वन-इलेव्हन, बर्मिंगहॅमहून मालागाला. साधारण १७,३०० फुटांवर कॅप्टनसमोरची काच निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिन क्रूने त्याला पाय धरून लटकतं ठेवलं, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनही. काच २७ तास आधी बदललेली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ जरुरीपेक्षा बारीक निघाले, उरलेले ६ लांबीला कमी. बारीक म्हणजे किती, तर व्यासात अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त फरक.

हे काम कोणी नवख्याने केलं नव्हतं. रात्रपाळीच्या प्रमुखाने स्वतः केलं होतं, कारण माणसं कमी होती आणि सकाळी विमान हवं होतं. त्याने जुना बोल्ट काढून त्याच्याशी नवा जुळवला. तो जुना बोल्टच मुळात चुकीचा, लांबीला कमी होता, आणि तरी चार वर्षं तसाच उडत होता. स्टोअरमधल्या माणसाने त्याला सांगितलंही की या काचेला वेगळा नंबर लागतो. पण हातात प्रत्यक्ष विमानातून निघालेला बोल्ट होता, त्यावर त्याचा विश्वास बसला. तिथे तसे बोल्ट पुरेसे नव्हते म्हणून तो दुसऱ्या, कोणी माणूस नसलेल्या साठ्याकडे गेला. अंधारात डब्यांवरची लेबलं नीट वाचता येत नव्हती, म्हणून डोळ्यांनी जुळवून बोल्ट घेतले. चष्मा लावला नव्हता. काच बाहेरून बसवायची, तीही अडचणीच्या जागेवरून वाकून. बोल्टाचं डोकं भोकात जरुरीपेक्षा खोल जातंय हे स्वतःच्याच हाताआड झाकलं गेलं. बारीक बोल्ट आट्यांत घसरताना जी कट्ट जाणवली ती टॉर्क पुरा झाल्याच्या, म्हणजे बोल्ट हवा तितका आवळला गेल्याच्या, कट्टसारखीच होती. आणि काच ही दुसऱ्याने तपासायच्या यादीत नव्हती, त्यामुळे त्याचं काम पाहणारं कोणीच नव्हतं.

आता या यादीतून "निष्काळजीपणा" काढून दाखवा. मला तो सापडत नाही. पार्ट नंबर पुस्तकात न बघणं ही चूक होतीच, ती लपवायचं कारण नाही. पण ती चूक त्याला त्या क्षणी चूक वाटली नाही, काम मार्गी लावणं वाटलं, आणि अशीच कामं मार्गी लावणारा म्हणून तो नावाजलेला होता. चौकशी करणाऱ्याने हेच समजून घ्यायचं असतं. शेवट माहीत असलेल्या आपल्याला सगळी वळणं स्वच्छ दिसतात; त्याला त्या रात्री फक्त बोल्ट, अंधार आणि घड्याळ दिसत होतं.

पाळी बदलताना काय होतं यावर थोडक्यात: ११ सप्टेंबर १९९१ ला टेक्सासमध्ये काँटिनेंटल एक्स्प्रेसचं एम्ब्रेअर १२० शेपटीच्या आडव्या पंखाची पुढची कड सुटून कोसळलं, १४ जण गेले. वरच्या बाजूचे ४७ स्क्रू आदल्या रात्री काढले गेले होते आणि पुढच्या पाळीला ते कळलंच नव्हतं. तुमच्या तळावर हँडओव्हर तोंडी होत असेल तर बाकी काही करण्याआधी ते लेखी करा, आणि शक्य तेव्हा दोघांनी विमानापाशी उभं राहून करा.

कोकणातल्या तळाच्या काही गोष्टी मात्र कुठल्याही परदेशी फॉर्ममध्ये छापलेल्या नसतात, त्या तुम्हालाच भराव्या लागतील. खारा वारा असल्यामुळे आपल्याकडे विमानं वरचेवर धुवावी लागतात, म्हणजे पोर्ट झाकणं-काढणं आतल्या भागातल्या तळापेक्षा कितीतरी जास्त वेळा होतं. जितक्या वेळा झाकाल तितक्या वेळा राहायची संधी. जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे उघड्यावरची कामं दोन सरींच्या मधल्या उघडिपीत उरकली जातात, आणि घाईचं हे कारण ड्युटीपत्रकावर कधीच दिसत नाही. दमट हवेत चिकटपट्टी नीट बसत नाही म्हणून मुलं दोन-दोन थर लावतात. एक काढला की काम झालं असं वाटतं. गणपतीत अर्धा तळ गावी असतो. तो असणारच, आणि असावाही. पण मग त्या आठवड्यात जड कामं लावणाऱ्या नियोजनाची चौकशी करा, उरलेल्या चार जणांची नव्हे.

खाऱ्या हवेचा विषय निघाला म्हणून सांगतो, हवाई बेटांमधली अलोहा एअरलाइन्सची फ्लाइट २४३ आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक इंजिनिअरने वाचावी. २८ एप्रिल १९८८, बोईंग ७३७, ८९,६८० उड्डाणं झालेलं. २४,००० फुटांवर पुढच्या केबिनचं छप्पर उडालं, एक हवाई सुंदरी गेली. समुद्राच्या हवेत पत्र्यांचे सांधे सुटत गेले होते, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांपाशी भेगा वाढत होत्या. तपासणी होत होती, पण रात्रीच्या वेळी, शेकडो रिव्हेटांच्या ओळी एकामागून एक नजरेखालून घालत. अशा कामात भेग डोळ्यांसमोरून निसटणं ही माणसाच्या नजरेची मर्यादा आहे. त्यावर उपाय नियोजनाने करायचा: कामाचे तुकडे पाडणं, मध्ये विश्रांती, चांगला दिवा, माणूस बदलणं.

उपायांबद्दल माझं मत ठाम आहे. जो उपाय माणसाच्या सावधपणावरच उभा आहे तो कागदावरच राहतो. प्रत्येक उपायाला एकच कसोटी लावा: आषाढातल्या पहाटे तीन वाजता, नवीन मुलगा, जोराचा पाऊस, दोन विमानं, एक शिडी. चालेल का? "सर्वांना पुन्हा सूचना दिल्या" हे चालणार नाही. लांब लाल फीत लोंबणारं, पोर्टच्या मापाचं कव्हर चालेल, कारण ते जमिनीवरूनही दिसतं. कव्हरं बोर्डावर टांगून ठेवणं, मोजून देणं आणि मोजून परत घेणं चालेल, कारण बोर्डावरची रिकामी जागा ओरडून सांगते. कव्हरं परत आल्याशिवाय लॉगबुकात सही नाही, हे त्याहून चांगलं चालेल.

२४ मे २०१३ ला हीथ्रोहून उडालेल्या एअरबस ए३१९ चं उदाहरण घ्या. दोन्ही इंजिनांची काउलिंग उड्डाण करतानाच उडून गेली, इंधनाची नळी फुटली, उजव्या इंजिनाला आग लागली. विमान परत उतरलं, सगळे सुखरूप. रात्री काउलिंगच्या कड्या लावायच्या ठेवून टेक्निशियन साहित्य आणायला गेले, आणि परत येताना चुकून दुसऱ्याच विमानापाशी पोचले. तिथली काउलिंग बंद होती. कोणीतरी लावून टाकली असणार, असं त्यांना वाटलं. त्या कड्या इंजिनाच्या पोटाखाली असतात, लागल्यात की नाही हे बघायला जवळजवळ जमिनीवर आडवं व्हावं लागतं. या जातीच्या विमानांत काउलिंग उडण्याचे प्रकार त्याआधीही तीसच्या वर झाले होते आणि दर वेळी सूचना निघाल्या होत्या. शेवटी कडीच बदलली: किल्लीशिवाय उघडत नाही, कडी पूर्ण लागल्याशिवाय किल्ली निघत नाही, आणि किल्लीला लाल फीत. सूचनांनी इतकी वर्षं जे झालं नाही ते किल्लीवर सोपवलं.

शिक्षेचं काय, हा प्रश्न तुमचे साहेब विचारणारच. शिक्षा कधीच नाही असं मी म्हणत नाही. न केलेल्या कामावर जाणूनबुजून सही, चूक कळल्यावर ती लपवणं, दारू पिऊन कामावर येणं, यांत मी नरमाई दाखवणार नाही. पण प्रामाणिकपणे काम करताना झालेल्या चुकीला शिक्षा केली की एकच गोष्ट नक्की होते: पुढची चूक तुमच्यापर्यंत येत नाही. विमानतळावरच्या पंधरा माणसांत ही बातमी चहाच्या पहिल्या फेरीत पोचते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं परिशिष्ट १३ स्पष्ट सांगतं की अपघात चौकशीचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं हा नाही. डीजीसीए या आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या सीएआर-१४५ या देखभाल संस्थांसाठीच्या नियमांतही संस्थेने घटना कळवण्याची पद्धत आणि मानवी घटकांचं प्रशिक्षण ठेवावं अशी अट आहे. बोईंगने १९९० च्या दशकात देखभालीतल्या चुकांसाठी मेडा नावाची चौकशीची पद्धत तयार केली. तिचा पायाच हा आहे की कोणी मुद्दाम चूक करत नाही आणि चुकीला हातभार लावणाऱ्या बहुतेक गोष्टी व्यवस्थापनाच्या हातातल्या असतात. हे तिन्ही कागद साहेबांपुढे ठेवा. ते तुमच्या बाजूने बोलतील.

तुमच्या या प्रकरणात दोन कामं अजून करता येतील. मेमो परत घ्यायला सांगा, आणि त्या मुलाला नवीन कव्हरांची निवड करायला बसवा. कोणत्या पोर्टवर काय टिकतं, कुठे फीत वाऱ्याने गुंडाळली जाते हे त्याच्याइतकं सध्या तळावर कोणाला माहीत नसेल. आणि अहवाल पुन्हा लिहा, दोन पानांत, मराठीतही. पाळी सुरू होताना तो वाचून दाखवा, नाव न घेता. कोणी म्हणेल, "आमच्याकडे इंधनाच्या झाकणाचंही असंच होतं." ते लगेच वहीत उतरवा आणि आठवड्याच्या आत त्याला सांगा की त्याचं काय केलं. काहीच करता आलं नाही, तर तेही आणि का ते सांगा. सांगितलेल्याचं पुढे काय होतं हे दिसलं नाही, तर माणसं बोलायची थांबतात.

दिवाळीनंतर एकदा आणि पुढच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा, न सांगता, रात्री धुण्याच्या वेळी जा. कव्हरं वापरात आहेत का, की कपाटात नवीकोरी पडली आहेत आणि पट्टीचं रीळ परत आलं आहे, ते बघा. परत आलं असेल तर रागावण्याआधी विचारा, कव्हर कुठे बसत नाही.